पुन्हा पहिल्यापासून

१९९२ सालच्या पानगळीच्या दिवसांत वॉशिंग्टनचे चार वादक आपलं सामान घेऊन शिकागोला गेले. बेत लहान होता. रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीच्या घरच्या स्टुडिओत काही गाणी रेकॉर्ड करून पाहायची, जमतंय का बघायचं आणि परत यायचं. पण काम भराभर होत गेलं. अल्बिनी झपाट्याने काम उरकणारा, हे चौघं पाच वर्षं एकत्र वाजवून मुरलेले, शिवाय घरात खाण्याची, कॉफीची आणि गप्पांची रेलचेल. निघायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात अख्खा अल्बम होता.

घरी येऊन त्यांनी टेप लावली. शिकागोत अंगावर काटा आणणारं जे काही घडलं होतं, ते स्पीकरमधून बाहेर येत नव्हतं. वाजवण्यात चूक नव्हती, रेकॉर्डिंगमध्ये दोष दाखवता आला नसता, तरी गाणी जिथं पोहोचायला हवी होती त्याच्या अलीकडेच थांबत होती. त्याच सुमारास अल्बिनीचा फॅक्स आला. त्यानेही टेप पुन्हा ऐकली होती आणि त्याचंही मत तेच होतं. टेप बाजूला ठेवली गेली. चौघांनी घराजवळच्या आर्लिंग्टनमधल्या ‘इनर इअर’ स्टुडिओत तीच गाणी पुन्हा पहिल्यापासून वाजवली. जून १९९३ मध्ये ‘इन ऑन द किल टेकर’ या नावाने जो अल्बम दुकानांत आला, तो हा दुसरा.

फुगाझी या बँडबद्दल लिहिणारे बहुतेक जण पाच डॉलरच्या तिकिटापासून सुरुवात करतात. टी-शर्ट न विकणारा, मोठ्या कंपन्यांना नकार देणारा बँड, अशी त्यांची ओळख झाली आहे. ती खरी आहे, पण त्यागाच्या या कथेत बँडने काय सोडलं याचाच हिशेब राहतो. त्या बदल्यात त्यांना काय मिळालं, हे मला त्या बाजूला ठेवलेल्या टेपपाशी कळलं. झालेलं काम टाकून द्यायचा अधिकार त्यांनी कमावला होता. स्वतःच्या कामाला ‘हे नाही’ म्हणायचं आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही, ही चैन त्या वर्षी अमेरिकेतल्या लाखांनी खपणाऱ्या बँडलाही परवडत नव्हती.

*

थोडं मागं जायला हवं. हे चौघं आले ते हार्डकोअरमधून. हार्डकोअर म्हणजे पंकचं आणखी आवळलेलं, आणखी वेगवान रूप. गाणं मिनिट-दीड मिनिटाचं, ठेका धावता, गायन म्हणजे जवळजवळ ओरडणं. वॉशिंग्टनमध्ये या वेगाचा धडा बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीय वादकांच्या बँडने घालून दिला आणि तो शाळकरी वयाच्या मुलांनी उचलला. त्यातला एक इयन मकाय. त्याचा ‘टीन आयडल्स’ हा बँड १९८० मध्ये मोडला, तेव्हा मैफलींतून साठलेले काही शे डॉलर शिल्लक होते. ते वाटून घेण्याऐवजी पोरांनी आपल्या संपलेल्या बँडची तबकडी काढली आणि तेवढ्यासाठी एक रेकॉर्ड कंपनी सुरू केली : डिस्कॉर्ड. मकाय आणि त्याचा मित्र जेफ नेल्सन यांनी ती पुढे चालवली, आणि ती आजही चालू आहे.

त्यानंतरचा मायनर थ्रेट हा त्यांचा बँड तीनच वर्षं टिकला. ‘स्ट्रेट एज’ हे त्यांचं मिनिटभराचंही नसलेलं गाणं म्हणजे दारू आणि नशेपासून लांब राहणाऱ्या एका मुलाचं म्हणणं होतं. लोकांनी त्याची चळवळ केली, नियम केले, जगभर पसरवलं. मकायला चळवळ नको होती. दरम्यान मैफलींत मारामाऱ्या वाढल्या, गर्दीत मुली मागं रेटल्या जाऊ लागल्या. ज्यांनी हे संगीत उभं केलं त्यांनाच तिथं जावंसं वाटेना. १९८५ च्या सुमारास त्यांच्यातल्या काहींनी ठरवून नवे बँड काढले. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ हा त्यातला एक. त्यात गी पिचोटो गायचा आणि ब्रेंडन कँटी ड्रम वाजवायचा. पुढे मकायने बेसवादक जो लॅली आणि कँटी यांच्यासोबत नवी जुळवाजुळव केली. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये फुगाझीची पहिली मैफल झाली, तेव्हा ते तिघंच होते. पिचोटो हळूहळू आत आला : आधी नुसता गायक, मग १९९० च्या ‘रिपीटर’पासून दुसरा गिटारवादक.

या संगीताला नंतर पोस्ट-हार्डकोअर म्हणू लागले. नाव रूक्ष आहे. त्यामागचा प्रश्न मात्र जिवंत होता : वेग काढून घेतला तर या रागाचं काय होतं? फुगाझीचं उत्तर लॅलीच्या बेसपासून सुरू होतं. रेगे आणि डबच्या वळणाचा तो बेस घाई करत नाही, दोन सुरांमध्ये भरपूर जागा सोडतो आणि गाण्याला पाया देतो. त्यावर दोन गिटार. मकायची गिब्सन एसजी जाड आणि ठोसेबाज, पिचोटोची रिकनबॅकर धारदार, कधी किंचाळणारी. दोन्ही एकच गोष्ट कधी वाजवत नाहीत, एकमेकींना अडवत, टोकत, मध्येच वाट देत जातात. कँटीच्या ड्रमच्या साजात एक मोठी घंटाही असे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शांतता. ही माणसं अचानक थांबतात. अर्धा क्षण काहीच नसतं, आणि त्या अर्ध्या क्षणात ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो.

मैफलीत गाण्यांची यादी ठरलेली नसे. कुणीतरी एक सूर छेडायचा आणि बाकीच्यांनी ओळखून धावायचं. असं हजारभर वेळा केलेल्या माणसांचं वाजवणं वेगळं ऐकू येतं.

*

आता पैशाचं, कारण त्याशिवाय टाकून दिलेली टेप समजत नाही.

डिस्कॉर्ड फक्त वॉशिंग्टन परिसरातल्या बँडचं संगीत काढत असे. कुणाशीही लेखी करार नसायचा. खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात बँडचा वाटा. तबकड्या छापणं आणि दूरवर पोहोचवणं यात लंडनच्या ‘सदर्न’ या कंपनीची साथ होती. अल्बमची किंमत कमी, आणि ती पाकिटावरच छापलेली, म्हणजे दुकानदाराने वाढवून लावू नये. मैफलीचं तिकीट शक्य तिथं पाच डॉलर, आणि दार सगळ्या वयांना खुलं. अमेरिकेत हे सोपं नव्हतं, कारण रॉकच्या मैफली बहुतेक दारूच्या गुत्त्यांत होत आणि तिथं एकवीस वर्षांखालच्यांना मज्जाव. म्हणून फुगाझी शाळांच्या सभागृहांत, चर्चच्या तळघरांत, जत्रेच्या मैदानांवर वाजवत फिरले. गर्दीत कुणी दुसऱ्याला इजा करू लागला तर गाणं थांबवून त्याला बाहेर काढत आणि त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून परत देत. स्वतःच्या गावात तर ते मोफत वाजवत किंवा कुठल्यातरी कामाच्या मदतीसाठी.

१२ जानेवारी १९९१ ला आखाती युद्ध तोंडावर असताना त्यांनी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये थंडीत मैफल केली. मागच्या फलकावरच्या मजकुराचा आशय होता : युद्धं दोन होणार आहेत. दुसरं म्हणजे शहराच्या रस्त्यांवरचं. अमेरिकेची खुनांची राजधानी म्हणून तेव्हा वॉशिंग्टनचं नाव घेतलं जात होतं.

मग सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि लाखांनी खपला. मोठ्या कंपन्यांची माणसं धनादेश घेऊन प्रत्येक गावातल्या तळघरात उतरली. डिस्कॉर्डच्याच घरातून जॉबॉक्स हा बँड अटलांटिककडे गेला, शडर टू थिंक एपिककडे. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचे १९९४ चे अल्बम उत्तम आहेत. अटलांटिकचा सहसंस्थापक अहमत एर्तेगन स्वतः फुगाझीलाही भेटायला आला होता. रे चार्ल्सचं संगीत जगासमोर आणणारा माणूस रंगमंचामागं येऊन बोलतो, हा मानच होता. बँडने नम्रपणे नाही म्हटलं.

नाही म्हणण्यातून नेमकं काय वाचलं? अल्बिनीनेच त्याच १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या नियतकालिकात एक लेख लिहून त्याचा हिशेब मांडला. मोठ्या कंपनीशी करार केलेला एक काल्पनिक बँड, अडीच लाख प्रतींचा खप, आणि मग ओळीने खर्च : स्टुडिओ, व्यवस्थापक, वकील, प्रोड्यूसर, व्हिडिओ, दौरा. हे सगळं बँडच्या उचलीतून वळतं होतं. शेवटी कंपनीच्या पदरात लाखो डॉलर पडतात आणि प्रत्येक वादकाच्या वाट्याला चार हजारांच्या आसपास येतात, वर बँड कंपनीचं देणं लागतोच. लेख गाजला तो या आकड्यांमुळे. मला मात्र त्यातल्या न लिहिलेल्या रकान्याची भीती वाटते. अशा कर्जात बुडालेल्या बँडला टेप ऐकून ‘हे जमलं नाही, पुन्हा करू’ म्हणता येत नाही. पुन्हा करायचं तर आणखी उचल, आणखी कर्ज. आणि जमलं की नाही हे ठरवणारी माणसं वेगळीच असतात.

त्याचा दाखला लगेच मिळाला. फेब्रुवारी १९९३ मध्ये निर्वाणाने मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत याच अल्बिनीकडून ‘इन युटेरो’ करून घेतला. तो आपल्या कामाचे ठरलेले पैसे घेई, खपावरची टक्केवारी घेत नसे, जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडकडूनही नाही. जेमतेम दोन आठवड्यांत काम संपलं. कंपनीतल्या माणसांना ते आवडलं नाही, आणि ते आवडलं नसल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. बँडच्या मनातही काही शंका होत्याच. बेस आणि शब्द नीट ऐकू येत नाहीत, असं त्यांना वाटत होतं. पण शंका आपली आणि दबाव दुसऱ्याचा, हे एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. शेवटी दोन गाणी प्रोड्यूसर स्कॉट लिटने नव्याने मिक्स केली आणि सप्टेंबरमध्ये अल्बम निघाला. तो फार मोठा अल्बम आहे. त्यातला कोणता निर्णय कुणाचा होता, यावर मात्र लोक अजून वाद घालतात. फुगाझीच्या बाबतीत असा वाद नाही. चौघांना पटलं नाही, आणि ज्याने रेकॉर्डिंग केलं त्याने ते कबूल केलं. त्याच माणसाच्या हातून झालेली दोन रेकॉर्डिंग, काही महिन्यांच्या अंतराने, आणि दोन्हींचं नशीब इतकं वेगळं.

*

‘इन ऑन द किल टेकर’ माझ्याकडे पहिल्यांदा आला तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर, मित्राने भरून दिलेला. बारा गाणी, बेचाळीस मिनिटं, एका बाजूत बरोब्बर बसणारा. पुढे सीडी घेतली तेव्हा मुखपृष्ठ दिसलं : पिवळसर सोनेरी छटेत वॉशिंग्टन मॉन्युमेंट. जगाला तो टीव्हीवरच्या बातम्यांतला मनोरा वाटतो. या चौघांना तो बसमधून दिसणारा होता. ज्या शहरातून देश चालतो, त्या शहराच्या रहिवाशांना काँग्रेसमध्ये मत देऊ शकणारा प्रतिनिधी नाही. ही वस्तुस्थिती ठाऊक असली की ते चित्र गावातल्या माणसाच्या नजरेने दिसू लागतं.

पहिलं गाणं ‘फॅसेट स्क्वेअर्ड’ लगेच सुरू होत नाही. आधी दुरून येणारी घरघर, मग गिटारचे चाचपडणारे सूर, आणि अचानक चौघं एका पावलाने आत येतात. मकाय गातो तो अभिमानाबद्दल, झेंड्यांबद्दल, आपलं मोठेपण मिरवत एकमेकांसमोर उभ्या ठाकणाऱ्या माणसांबद्दल. आखाती युद्धाच्या विजयानंतर रस्तोरस्ती झेंडे लागलेल्या देशात ते लिहिलं गेलं, पण ते कुठल्याही देशात कळतं.

‘रिटर्निंग द स्क्रू’ कुजबुजीसारखं चालतं. राग दाबून बोलणाऱ्या माणसाचा आवाज आपण सगळ्यांनी घरात ऐकलेला असतो. नंतर तो फुटतो तेव्हा दचकायला होतं, जरी तो फुटणार हे ठाऊक असलं तरी. ‘स्मॉलपॉक्स चॅम्पियन’ अमेरिकेच्या जन्मकथेतल्या एका पांघरुणाकडे बोट दाखवतं. १७६३ मध्ये फोर्ट पिटच्या वेढ्यात ब्रिटिश छावणीने देवीच्या रुग्णांच्या खोलीतली पांघरुणं वाटाघाटीला आलेल्या डेलावेअर जमातीच्या माणसांना भेट म्हणून दिली. त्याची नोंद छावणीतल्याच माणसाने करून ठेवली आहे. पिचोटो हे इतिहासाच्या तासासारखं सांगत नाही. ज्याच्या घरात ही गोष्ट लपवून ठेवली होती आणि आज सापडली, तसा तो ओरडतो.

‘ट्वेंटी-थ्री बीट्स ऑफ’ हे एचआयव्हीच्या काळातलं गाणं. लढाईतून वाचलेला माणूस रोगापुढे हरत जातो, आणि नंतर शब्द संपतात तरी गाणं संपत नाही. गिटारचा आवाज विरत, गंजत, मिनिटामागून मिनिट चालूच राहतो. पहिल्यांदा ऐकताना मी ते पुढे ढकललं होतं. आता वाटतं, अल्बममधला सगळ्यांत धाडसी भाग तोच आहे. आजारी माणसाच्या खोलीत बसून राहण्याइतका वेळ ते गाणं आपल्याकडून मागतं. आणि लगेच मागून येणारं ‘स्वीट अँड लो’, शब्दांशिवायचं, हलकं, लॅलीच्या बेसवर झुलणारं. हा क्रम लावणाऱ्यांना ऐकणाऱ्याची काळजी होती.

मग ‘कॅसावेटीस’.

हे गाणं चित्रपट दिग्दर्शक जॉन कॅसावेटीसवर आहे. तो १९८९ मध्ये गेला. दुसऱ्यांच्या चित्रपटांत भूमिका करून पैसे मिळवायचे आणि ते स्वतःच्या चित्रपटांत घालायचे, घर गहाण टाकायचं, घरातच चित्रीकरण करायचं, असा त्याचा संसार होता. पिचोटो त्याच्याबद्दल गातो तेव्हा आवाजात कृतज्ञता आहे. पण मला इथं दुसरीच गोष्ट आठवते. कॅसावेटीसचा पहिला चित्रपट ‘शॅडोज’. त्याची एक आवृत्ती १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवली गेली. समीक्षक योनास मेकासने तिचं तोंडभरून कौतुक केलं, ‘फिल्म कल्चर’ नियतकालिकाचा पहिला पुरस्कार तिला मिळाला. कॅसावेटीस मात्र नाराज होता. कॅमेऱ्याच्या करामती जास्त आणि माणसं कमी, असं त्याला वाटलं. त्याने चित्रपटाचा मोठा भाग पुन्हा चित्रित केला आणि १९५९ मध्ये नवी आवृत्ती आणली. मेकास चिडला. पहिलीच खरी होती, असं तो छापून सांगत राहिला. दिग्दर्शकाने ऐकलं नाही.

फुगाझीने हे गाणं लिहिलं तेव्हा ही हकीकत त्यांच्या मनात होती असा माझा दावा नाही. पण ज्या माणसाला त्यांनी आपला मानलं, त्यानेही आधीचं काम कौतुकासकट बाजूला ठेवलं होतं. मेकासचं म्हणणंही मला उडवून लावता येत नाही, कारण शिकागोच्या टेपच्या प्रती हातोहात फिरल्या आणि तिचे चाहते आहेत. मीही ती ऐकली आहे. तिच्यात खोलीचा वास आहे, चौघांच्या मजेचा सैलपणा आहे. मी तिच्यावर प्रेम करणाऱ्यांना दोष देणार नाही. पण दोन्ही लागोपाठ ऐकली की चौघांना काय डाचत होतं ते उमगतं. शिकागोत ते गाणी वाजवत आहेत. आर्लिंग्टनमध्ये गाणी त्यांना धरून आहेत. तिथं ‘रिटर्निंग द स्क्रू’मधली कुजबुज खरोखर कानाशी येते, म्हणून फुटणं लागतं.

या फरकाचं श्रेय मोठ्या प्रमाणात टेड नाइसली आणि डॉन झियेन्टारा यांना जातं. झियेन्टाराने ‘इनर इअर’ स्वतःच्या घरात सुरू केला होता. वॉशिंग्टनच्या पंकच्या पहिल्या दिवसांपासून ही मुलं त्याच्याकडे येत. नाइसली प्रोड्यूसर, बारीकसारीक गोष्टींवर अडून बसणारा, पुन्हा घ्यायला लावणारा. तो स्वयंपाकाचं शिक्षण घेत होता. ‘रिपीटर’च्या वेळी त्याचे वर्ग सांभाळून रेकॉर्डिंगच्या वेळा ठरत. पुढे त्याच्या त्या व्यवसायामुळेच १९९१ चा ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ बँडने स्वतःच निभावला. ‘किल टेकर’साठी तो परत आला. चव जमेपर्यंत भांडं खाली न उतरवणारा माणूस त्यांना तेव्हा हवा होता.

*

‘किल टेकर’ ‘बिलबोर्ड’च्या पहिल्या दोनशेंच्या यादीतही गेला. जाहिरात नाही, व्हिडिओ नाही. पुढे ‘रेड मेडिसिन’, ‘एंड हिट्स’ आणि २००१ चा ‘द आर्ग्युमेंट’, जो अनेकांना त्यांचा सर्वोत्तम वाटतो. जेम कोहेनने वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत फिरून केलेल्या माहितीपटाला १९९९ मध्ये नाव दिलं ते ‘किल टेकर’मधल्याच एका गाण्याचं : ‘इन्स्ट्रुमेंट’. ४ नोव्हेंबर २००२ ला लंडनच्या फोरममध्ये त्यांनी शेवटचं एकत्र वाजवलं. भांडण नाही, घोषणा नाही. मुलंबाळं, आईवडील, घर यांच्याकडे पाहायची वेळ आली होती. २०११ पासून डिस्कॉर्डने त्यांच्या आठशेहून अधिक मैफलींची रेकॉर्डिंग लोकांसाठी खुली केली. सुचवलेली किंमत पाच डॉलर. चुकलेले सूर, तुटलेल्या तारा, प्रेक्षकांशी झालेले वाद, सगळं तसंच ठेवलं आहे. स्टुडिओत एक सूरही सहज न सोडणाऱ्यांनी मैफलींतलं काहीच झाकलं नाही.

मे २०२४ मध्ये अल्बिनी गेला, एकसष्टाव्या वर्षी. त्याने रेकॉर्ड केलेल्या शेकडो अल्बमांच्या आठवणी लोक सांगत होते. मला तो फॅक्स आठवत होता. आपण केलेलं काम ज्यांच्यासाठी केलं त्यांना पटलेलं नाही, आणि त्यांनी संकोचाने तोंड उघडण्याआधीच स्वतः लिहून कळवायचं की तुमच्यासाठी हे पुरेसं चांगलं झालेलं नाही.

त्या रात्री मी जुनी कॅसेट काढून लावली. शेवटचं गाणं ‘लास्ट चान्स फॉर अ स्लो डान्स’ पिचोटोचं, संथ, घसरत जाणारं. ते संपल्यावर त्या बाजूची थोडी फीत रिकामी आहे. मी बटण दाबलं नाही. फीत फिरत राहिली, आणि खट्‌ असा आवाज होऊन आपोआप थांबली.